टेलिफोनचे सुटे भाग रस्त्यावर कशाला?

प्रश्न : काका, माझा मावसभाऊ टोकियोला नोकरीला असतो. तो सुट्टीत जपानमधल्याच शिझुओकाला गेला आणि तिथून एक फोटो पाठवला, रस्त्याच्या कडेला भलीमोठी चौकट, तिच्यात टेलिफोनचे सुटे भाग अडकवलेले, आणि म्हणे त्यातला फोन खराच लागतो! ही जाहिरात आहे का? आम्ही लाकडी खेळण्यांच्या गावचे, म्हणून जास्तच उत्सुकता. – एक वाचक, सावंतवाडी

उत्तर : अहो जाहिरातच आहे, पण अख्ख्या गावाची, कारण शिझुओका हे प्लास्टिक मॉडेलचं गाव. या मॉडेलचा, म्हणजे घरी जोडायच्या छोट्या विमान-रणगाड्यांचा किट उघडला की भाग सुटे मिळत नाहीत, एका चौकटीला चिकटलेले असतात, तिला रनर म्हणतात, त्यातून निपरने, म्हणजे छोट्या पकडीने, एकेक भाग कापायचा, घासायचा, मग जोडायचं. शिझुओका महापालिकेने २०२१ पासून नेमकी तीच चौकट रस्त्यावर उभी केलीय. फोन लागतो, अशाच चौकटीतल्या पोस्टाच्या पेटीत पत्रही टाकता येतं. मला हेच आवडलं बुवा, नाहीतर आपल्याकडे शिल्प म्हटलं की आधी कुंपण.

आता तुमच्या कामाची गोष्ट. या मॉडेलच्या धंद्याचं मूळ लाकडातच आहे. तिथले लोक सांगतात की जपानचा जुना सत्ताधीश (शोगुन) तोकुगावा इएयासू याच्या काळात तिथला सुंपु किल्ला आणि सेंगेन देवस्थानाच्या बांधकामाला सुतार, लाखकाम करणारे असे कारागीर आले ते तिथेच राहिले. तिथली मॉडेल बनवणारी तामिया कंपनी १९४६ मध्ये सुरू झाली ती लाकडाच्या धंद्यात, मग लाकडी मॉडेल्स, आणि अमेरिकन प्लास्टिक किट आल्यावर लाकडाला कोण विचारतो? म्हणून १९६० मध्ये यामातो युद्धनौकेचा प्लास्टिक किट काढला तर तो आपटला, दुसऱ्याने तीच नौका स्वस्तात विकली. सावरलं ते पँथर रणगाड्याने, त्यात मोटर होती, पोरांना चालणारा रणगाडा मिळाला! आओशिमा, फुजिमी या मॉडेल कंपन्या तिथल्याच, हासेगावा शेजारच्या याइझू गावची, गुंडाम या कार्टूनमधल्या रोबोंचे किट बनवणारा बांदाईचा कारखानाही शिझुओकातच. जपानातली ८० टक्क्यांहून जास्त प्लास्टिक मॉडेल्स या भागातून निघतात.

भावाला म्हणावं पुढच्या वेळी मे महिन्यात जा, तेव्हा तिथे हॉबी शो, म्हणजे मॉडेल्सचं प्रदर्शन, भरतो. फक्त नोझोमी या बुलेट ट्रेनमध्ये बसू नको, ती शिझुओकाला थांबतच नाही, हिकारी नाहीतर कोदामा गाडी पकड. आणि त्या पेटीत तुमच्या नावाचं एक कार्ड टाकायला सांगा.