खडीवर खडी

कोल्हापूरच्या एका सिव्हिलच्या विद्यार्थ्यानं विचारलंय: पाडकामातल्या काँक्रीटची खडी करून तिच्यावर कार्बन डायऑक्साइड सोडतात आणि ती पुन्हा बांधकामात वापरतात. या क्रियेला 'कार्बनीकरण' म्हणावं का? आणि 'रिसायकल्ड अ‍ॅग्रिगेट'ला मराठीत काय म्हणावं?

कार्बनीकरण अजिबात म्हणू नये! कार्बनीकरण म्हणजे कोळसा करणं. इथं कोळशाचा कणही होत नाही. तरी ज्याच्या त्याच्या तोंडी हाच शब्द ऐकून कान किटले. 'कार्बोनेटीकरण' म्हणा, जीभ अडखळली तर अडखळू दे.

खरी गंमत आहे ती 'खडी'त. पाडकामातल्या खडीला जुना सिमेंटचा माल चिकटलेला असतो. तो भुसभुशीत, ढसाढसा पाणी पिणारा. पण त्यात चुना असतो. थोडी ओल असताना वायू आत शिरला की त्या चुन्याचं कॅल्शियम कार्बोनेट होतं, छिद्रं बुजतात, खडीचं पाणी पिणं कमी होतं. शाळेत चुन्याच्या निवळीत नळीनं फुंकून ती दुधाळ केलीत ना? तेच हे.

आता कॅल्शियम कार्बोनेट म्हणजे आपली चुनखडी. आणि चुनखडीतली खडी ही दगडाची खडी नव्हेच! ती संस्कृत खटी, खटिका. पांढरी, लिहायच्या कामाची. खडू तिचाच भाऊ. (फळ्यावरचा आजचा खडू बहुधा जिप्समचा असतो, ते सोडा.) बांधकामाची खडी माझ्या मते खड्याची लेक, कूळच वेगळं. म्हणजे या कारखान्यात खडीच्या अंगावर खडी चढते! 'लहान खडा ती खडी आणि चुन्याचा खडा ती चुनखडी' असं ठासून सांगणाऱ्यांनी मग खडू कुठून आला तेही सांगावं. हीच मंडळी बाराखडीलाही खडूनं लिहायला लावतात. अहो, ती द्वादशाक्षरी! लक्षचा लाख झाला, तशी अक्षरीची अखरी आणि पुढं खडी.

माझं चाललं असतं तर मी या क्रियेला सरळ 'खडीकरण' म्हटलं असतं. पण 'खडीकरण व डांबरीकरण' लिहून लिहून रस्तेवाल्यांनी तो शब्द कधीच पळवला. रंकाळ्यावर उभं राहून खडीकरण म्हणा, पहिला प्रश्न येईल, "रस्ता किती दिवस बंद?" म्हणून 'चुनखडीकरण'. 100 किलो शुद्ध चुनखडी भाजली की 44 किलो वायू उडून जातो आणि चुना उरतो. सिमेंटच्या भट्टीतही चुनखडीचा वायू असाच जातो. त्यातला थोडा इथं परत येतो, हे या शब्दात आपसूक बसतं.

मात्र उभ्या इमारतीच्या सळईच्या काँक्रीटमध्ये हीच क्रिया झाली तर ती घात करते. काँक्रीटचा क्षारपणा उतरतो आणि सळई गंजते. तिथं चुनखडीकरण झालं म्हणून पेढे वाटू नका.

हां, दुसरा प्रश्न. 'पुनर्चक्रित समुच्चय' वगैरे नको, गवंडी पाटी टाकून पळेल. 'पाडकामाची खडी' म्हणा. खडी-वाळूचं भारतीय मानक 383 (2016) अशी जाड खडी साध्या काँक्रीटात 25 टक्के आणि सळईच्या काँक्रीटात, तेही एम-25 या ताकदीच्या प्रतीपर्यंतच, 20 टक्के चालवून घेतं.