नागपुरात पूर्वेच्या बाल्कनीत फ्री डिश लावावी की गच्चीवर?

तुमचा फ्लॅट दुसऱ्या मजल्यावर, बाल्कनी पूर्वेला, समोर कडुनिंब, आणि घ्यायची आहे डीडी फ्री डिश. माझं मत स्पष्ट आहे: गच्चीवर लावा. सोसायटीची परवानगी काढावी लागेल, पण तेवढी खटपट करण्यासारखी आहे.

फ्री डिशचे चॅनल जीसॅट-१५ वरून येतात. हा उपग्रह विषुववृत्तावर ९३.५ अंश पूर्व रेखांशाला आहे आणि नागपूर ७९ अंशांवर. त्यामुळे आपल्याकडून तो आग्नेयेला, फोनच्या होकायंत्रावर साधारण १४५ अंशांना, आणि क्षितिजापासून ६० अंश उंच असतो. ही उंची बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही, कारण डिश पाहिली की ती जवळजवळ सरळ समोर बघतेय असं वाटतं. तिची बनावटच तशी असते. सिग्नल प्रत्यक्षात बराच वरून येतो. तुमच्या बाल्कनीत तो नेमका वरच्या मजल्याच्या स्लॅबला अडेल. अडू द्यायचा नसेल तर डिश कठड्याच्या अगदी कडेला किंवा बाहेर काढून लावावी लागेल. खाली माणसं चालतात, मे महिन्यात वादळं येतात. कृपा करून तो विचार सोडा.

गच्चीवरची जागा ऊन बघून ठरवता येते, आणि मला हा उपाय कुठल्याही ॲपपेक्षा भरवशाचा वाटतो. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात सकाळी सव्वाअकराच्या सुमारास, किंवा ऑक्टोबरच्या सुरुवातीला अकराच्या सुमारास, सूर्य आकाशात बरोब्बर या उपग्रहाच्याच जागी येतो. त्या वेळी जिथे ऊन पडतं ती जागा मोकळी. टाकीची, जिन्याच्या खोलीची सावली असेल तिथे सिग्नलही नाही. तेवढं थांबायचं नसेल तर सोपा हिशोब धरा: आग्नेयेकडचा अडथळा डिशपेक्षा जितका उंच, निदान तितकं अंतर सोडा. प्रत्यक्षात त्याच्या सहा दशांश अंतरही पुरतं, पण पुढे कोणी नवी टाकी बसवली तर हीच मोकळीक कामी येते.

कडुनिंबाबाबत मात्र जपा. फेब्रुवारी-मार्चमध्ये त्याची पानं झडतात. तेव्हा डिश बसवली तर विरळ फांद्यांमधून सिग्नल छान मिळतो, एप्रिलमध्ये पालवी भरली की कमी होतो आणि पावसात पानं भिजली की जातोच. म्हणून मार्चच्या उन्हात फांद्यांची जाळीदार सावली दिसली तरी ती जागा नको.

गच्चीच्या स्लॅबला भोक पाडू देऊ नका, वॉटरप्रूफिंग गेलं की खालच्या घरात पाणी गळतं. कठड्याच्या आतल्या बाजूला फास्टनर मारून घ्या. तीन फुटी कठडा आड येत नाही, उलट वारा अडवतो. पाईप ओळंब्यात उभा आहे ना, हे स्वतः तपासा, नाहीतर कोन जुळवताना सगळं चुकत जातं. केबल घरात शिरण्याआधी खाली झोळ देऊन मग वर घ्या, म्हणजे पाणी तिथेच ठिबकेल. आणि ती कूलरच्या मागून नेऊ नका. आपल्याकडे चार महिने कूलर चालतो, त्या ओलीने जोड गंजतात.

मुसळधार पावसात थोडा वेळ चित्र जाईल, ते कुठेही लावली तरी जाणारच. ६० सेंटिमीटरऐवजी ९० ची डिश घेतली तर ते कमी वेळा होईल. गच्चीवर तेवढी जागा आहेच.