फिरत्या लाँचरऐवजी उभे लाँचर का आले?

माझगाव डॉकमध्येच बांधलेल्या दोन युद्धनौका बघा, म्हणजे तुमच्या प्रश्नाचं उत्तर मिळेल. आयएनएस दिल्लीवर (1997) श्टिल या हवेतलं लक्ष्य पाडणाऱ्या क्षेपणास्त्रांसाठी एकहाती फिरते लाँचर बसवले. लाँचरचा हात सरळ उभा राहतो, डेकखालच्या कोठारातून एक क्षेपणास्त्र वर सरकून रुळावर येतं, मग हात लक्ष्याकडे वळतो, झुकतो आणि डागतो. पुढच्यासाठी पुन्हा तेच सगळं. यात सेकंद जातात, आणि समुद्रावरून शत्रूची एकदम चार क्षेपणास्त्रं आली तर तेच सेकंद जीवघेणे. शिवाय तो हात अडकला की खालची चोवीसच्या चोवीस क्षेपणास्त्रं अडकली! माझ्या मते खरी कमजोरी हीच.

आयएनएस कोलकातावर (2014) त्याच कामाची बराक-8 क्षेपणास्त्रं उभ्या नळ्यांत तयारच असतात. वर उडाल्यावर वळण्याचं काम क्षेपणास्त्र स्वतः करतं.