दादरचा फ्लॅट आणि ठेवी मुलांना द्यायच्या आहेत : मृत्युपत्र करावे की रद्द करता येण्याजोगा ट्रस्ट?

मुले सज्ञान आणि कर्ती असतील, तर मृत्युपत्रच करावे, असे माझे स्पष्ट मत आहे. त्याला मुद्रांक शुल्क लागत नाही, नोंदणी ऐच्छिक असते आणि हयातीत ते केव्हाही बदलता येते; मात्र दोन साक्षीदारांनी तुमच्यासमोर सह्या करायलाच हव्यात, आणि ते वाटणीतले नसलेले, शक्यतो तुमच्याहून वयाने लहान असावेत. ट्रस्टच्या, म्हणजे मुलांसाठी मालमत्ता सांभाळणाऱ्या विश्वस्तांच्या, नावे फ्लॅट करायचा, तर नोंदणीकृत दस्त आणि मुद्रांक शुल्क आलेच, शिवाय तो रद्द करता येण्याजोगा असल्याने उत्पन्नावरचा कर तुमच्याच माथी राहतो. एखादे अपत्य स्वतःचा व्यवहार पाहू शकत नसेल, तर मात्र हा खर्च जरूर करावा. सोसायटीतले नामनिर्देशन (नॉमिनी नेमणे) म्हणजे मालकी नव्हे, हेही मुलांना आजच सांगून ठेवा.