‘मला सोडून त्या कासला गेल्या’

समुपदेशनासाठी माझ्याकडे आली, तेव्हा खुर्चीवर बसायच्या आधी तिने मोबाईल माझ्यासमोर धरला. मागे पिवळी सोनकी, पुढे तीन हसरे चेहरे. “मॅडम, मला सोडून त्या कासला गेल्या. आणि मला कळलं कुठून, तर स्टेटसवरून.”

तिला इथे मेघना म्हणते (नाव आणि घरचे तपशील बदललेत). वय २४, बी.कॉम., कोरेगावात एका पतसंस्थेत नोकरी, घरी स्थळं बघणं सुरू. चौघी शाळेपासूनच्या मैत्रिणी. एक पुण्यात आयटीत, एक लग्न होऊन कराडला, एक घरीच स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकांत बुडालेली. “माझ्यातच काहीतरी खोट असणार, म्हणून टाळतात,” हे तिचं अनुमान. मैत्रिणी दुरावल्या म्हणून येणाऱ्या मुली थोड्याथोडक्या नाहीत, आणि जवळजवळ सगळ्या याच वाक्यापाशी पोचलेल्या असतात.

आधी झोप, भूक, कामातलं लक्ष, जीव नकोसा होतो का, हे विचारून घेतलं. जेवण नीट होतं, कामात चुका नव्हत्या; रात्री एकपर्यंत मोबाईल, एवढंच. दोन-दोन आठवडे झोप-भूक उडाली असती, कशातच मन लागत नसतं, तर मी तिला डॉक्टरांकडे पाठवलं असतं. (अशा वेळी १४४१६ हा टेली-मानसचा सरकारी क्रमांक दिवसरात्र चालू असतो, मराठीत बोलता येतं, पैसे पडत नाहीत.)

माझा पहिला अंदाज मात्र चुकला. मला वाटलं, पुण्यातल्या मैत्रिणीचा पगार, दुसरीचं लग्न, यातून आलेली तुलना आहे. दोन भेटी मी त्याच वाटेने घालवल्या. मग सहज विचारलं, “कॉलेजात असताना तुम्ही रोज करायचात काय?” तर पोरीचा चेहरा उजळला. “काही नाही हो मॅडम, एसटीची वाट बघायचो!”

कोरेगाव ते सातारा, वीसेक किलोमीटर. स्टँडवरचा बाक, गाडीत एकीने रुमाल टाकून तिघींची धरलेली जागा, परतीला मुद्दाम सोडलेली एक गाडी. कॅन्सास विद्यापीठातल्या जेफ्री हॉल यांच्या २०१८ च्या अभ्यासात असं दिसलं होतं की ओळखीचं जवळच्या मैत्रीत रूपांतर व्हायला साधारण २०० तासांचा सहवास लागतो. आम्ही कागदावर हिशेब मांडला. रोजचे दोन तास धरले, वर्षाचे २०० दिवस, तीन वर्षं. बाराशे तास! तेही कोणी कोणाला ‘भेटूया का’ असं एकदाही न विचारता. पास संपला आणि त्याबरोबर हे तासही संपले. यात कुणाची खोट काढणार?

इथे मला आमच्या गावांबद्दल थोडं बोलायचंय. मुलगे कॉलेज सुटलं तरी कट्ट्यावर बसतात, टपरीवर उभे राहतात. त्यांना कोणी कारण विचारत नाही. मुलीला उंबऱ्याबाहेर पडायला निमित्त लागतं. जुन्या बायकांनी ती निमित्तं हुशारीने जमवून ठेवली होती: हादगा, नागपंचमीचे खेळ, मंगळागौर, संक्रांतीचं हळदीकुंकू. पण २४ वर्षांची, कमावती, बिनलग्नाची मुलगी यातल्या कशात बसते? हादग्याचं वय सरलेलं, हळदीकुंकवाला गेली तर आईची शेपूट म्हणून, आणि तिथेही “मग यंदा बार उडवायचा का?” ऐकायला. तिच्या हक्काचं निमित्तच उरत नाही.

मेघनाला मी सांगितलं, कराडच्या मैत्रिणीला फोन कर. भांडायला नाही, विचारायला. “मीच का करायचा?” यावर एक आठवडा गेला. पुढच्या भेटीला आली ती जरा खजील होऊन. मैत्रीण म्हणाली होती, “अगं येडे, चार वेळा विचारलं तुला. चारही वेळा ‘घरी विचारून सांगते’ म्हणालीस आणि सांगितलंच नाहीस. म्हटलं, उगाच तुला अडचणीत कशाला आणायचं?”

“आणि घरी विचारलं होतंस?”

बराच वेळ ती ओढणीचं टोक पिळत राहिली. “एकदाच. नंतर वाटलं, नाहीच म्हणतील.”

‘घरी विचारून सांगते’ हे आपल्याकडचं सर्वांत सभ्य ‘नाही’ आहे. बोलणारीला वाटतं, आपण दार किलकिलं ठेवलं. ऐकणारीला कडी लावल्याचा आवाज येतो.

पुढच्या खेपेला आईला बोलावून घेतलं. त्या तावातच म्हणाल्या, “मी कधी अडवलं हिला? आणि लग्न झालं की कुठल्या मैत्रिणी राहतात!” मी विचारलं, तुमच्या कुठे असतात? “रहिमतपूरला. म्हणजे, माहेरी होत्या तेव्हा.” मग थोडं थांबून, “एकीचा नंबर आहे माझ्याकडे.” त्यावर मी काही बोलले नाही.

शेवटी तोडगा मेघनानेच काढला, आणि तो इतका पक्का की मला हसू आलं. महिन्यातल्या पहिल्या शनिवारी पहाटे जरंडेश्वर चढायचा. मारुतीच्या दर्शनाला जाते म्हटल्यावर घरात कोण नाही म्हणणार? कराडची शुक्रवारी रात्री माहेरी येते. मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे, त्यामुळे सासरी खर्चाचा मुद्दा निघत नाही. “तू तारीख ठरवलीस ना, की मला तिकडे सांगायला कारण मिळतं,” असं तिने मेघनाला बजावलंय. अभ्यासवाली कुरकुरत येते. पुण्याची दोनदा आली, मग ‘यावेळी नाही गं’ सुरू झालं. मेघनाला ते लागलं. मी तिला समजवायला गेले नाही. काही मैत्र्या दिवाळीच्या फराळापुरत्या उरतात, आणि तेवढ्याही वाईट नसतात. तिच्या जागी पतसंस्थेतल्या एक चाळिशीच्या ताई यायला लागल्या. त्या सगळ्यांच्या पुढे चढतात म्हणे.

आमची सातवी भेट ठरली होती शनिवारी सकाळी नऊला. आदल्या संध्याकाळी तिचा मेसेज आला: “मॅडम, उद्याची वेळ बदलता का? उद्या पहिला शनिवार आहे.”