वस्तीत खोली भाड्याने घेतोय, करार नाही. डिपॉझिट बुडू नये म्हणून काय करू?

मुंबईत वस्तीतल्या खोल्या बहुतेक तोंडी बोलीवरच मिळतात. डिपॉझिट शक्यतो यूपीआयने द्या, शेऱ्यात ‘डिपॉझिट, खोली क्र. अमुक’ लिहा. मालक रोखच मागत असेल तर वहीच्या पानावर रक्कम, तारीख, दोघांच्या सह्या आणि शेजारचा एक साक्षीदार.

दुसरं भांडण लाइटबिलाचं. सबमीटर असेल तर राहायला जाल त्याच दिवशी आकड्याचा फोटो काढून मालकाला व्हॉट्सअ‍ॅप करा, युनिटचा दरही तिथेच ठरवून घ्या. नाहीतर आधीच्या भाडेकरूचे युनिट तुमच्या माथी येतात, हे सर्रास होतं.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी करून नोंदवण्याची जबाबदारी घरमालकाची आहे. नोंदणी नसेल तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं, मालक उलट सिद्ध करेपर्यंत.