सुरुवात धारेपासून : हाताच्या हत्यारांनी सुतारकाम शिकणाऱ्यांचे प्रश्न

हाताच्या हत्यारांनी घरातले लाकडी सामान बनवायला शिकू पाहणाऱ्या वाचकांची बरीच पत्रे गेल्या काही महिन्यांत आली. त्यांतील चार प्रश्नांना या अंकात उत्तरे देत आहोत.

प्रश्न : मी पुण्यात दोन खोल्यांच्या सदनिकेत राहतो. यंत्रांचा आवाज आणि धूळ शेजाऱ्यांना नको, म्हणून हाताच्या हत्यारांनीच फर्निचर करायला शिकावे असे ठरवले आहे. पहिली वस्तू म्हणून खुर्ची करण्याचा विचार आहे. कोणती हत्यारे घ्यावीत, आणि वर्कबेंच नसताना काम होईल का? (एक वाचक, पुणे)

उत्तर : खुर्चीपासून सुरुवात करू नका, अशी आमची विनंती आहे. खुर्चीचे मागचे पाय कललेले असतात आणि बैठक मागे अरुंद होत जाते, त्यामुळे तिच्या अनेक सांध्यांत काटकोन नसतोच. आणि साधा काटकोन हाताला येण्यापूर्वीच तिरके कोन साधायला गेल्यास चूक नेमकी कोठे झाली, हे शिकणाऱ्याला उमगत नाही. आपल्या घरांत याहून चांगला क्रम तयारच आहे : आधी पाट, नंतर चौरंग, मग स्टूल. पाटासाठी एक फळी सपाट करायची, तिच्या कडा काटकोनात आणायच्या आणि खाली दोन आडव्या पट्ट्या बसवायच्या, एवढेच काम असते, पण ते नीट करताना मोजणे, आखणे, कापणे आणि रंधणे या चारही गोष्टी शिकून होतात. चौरंगाला चार पाय आणि त्यांना जोडणाऱ्या चार पट्ट्या असल्यामुळे कूस आणि खाच यांचा सांधा (एका लाकडाचे कोरून काढलेले टोक दुसऱ्याच्या खाचेत बसवणे) आठ वेळा करावा लागतो. एकच सांधा लागोपाठ आठ वेळा करण्यातून जे हाताला कळते, ते आठ निरनिराळे सांधे एकेकदा करून कळत नाही.

हत्यारे थोडीच घ्यावीत. सुमारे १४ इंच लांबीचा लोखंडी रंधा, ज्याला दुकानात जॅक प्लेन किंवा पाच नंबरचा रंधा म्हणतात. अर्धा इंच आणि एक इंच रुंदीच्या दोन पटाश्या. लांब कापासाठी एक हातकरवत आणि सांध्यांसाठी पाठीवर पट्टी असलेली बारीक दात्यांची करवत. काटकोन तपासण्याचा गुण्या, कडेला समांतर रेघ आखण्याचा मार्किंग गेज, आखणीसाठी टोकदार सुरी, लाकडी मोगरी आणि दोन क्लॅम्प, एवढ्यावर चौरंगापर्यंतचा सारा प्रवास होतो. मुंबईत नागदेवी स्ट्रीटवर ही हत्यारे मिळतात. लाकडासाठी तुम्हाला भवानी पेठेतले टिंबर मार्केट जवळ आहे. दुकानात आणि सुतारांच्या बोलण्यात माप अजूनही सुतात सांगितले जाते. आठ सूत म्हणजे एक इंच, हे ध्यानात ठेवले की व्यवहार सोपा होतो.

यापुढचा मुद्दा आम्हाला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. नवी पटाशी किंवा नव्या रंध्याचे पाते दुकानातून क्वचितच कामाला तयार होऊन येते. नवशिके हात बोथट पात्यावर जोर लावतात, लाकूड चिरफाळते, पटाशी घसरते, आणि मग आपल्या हातातच कौशल्य नाही असा समज करून घेऊन पुष्कळजण हे काम सोडून देतात. म्हणून लाकूड आणण्याआधी धार लावायला शिका. त्यासाठी महाग दगडांची गरज नाही. जाड, सपाट काचेच्या तुकड्यावर पाण्याने चिकटवलेला ४००, ८०० आणि शेवटी २००० नंबरचा वॉटर पेपर सुरुवातीला पुरेसा असतो. पात्याची मागची बाजू धारेलगतच्या भागात आरशासारखी सपाट करावी. नंतर उतार साधारण २५ अंशांवर घासून टोकाशी ३० अंशांचा बारीक उतार द्यावा. पात्याच्या संपूर्ण रुंदीवर मागच्या बाजूला पोलादाची अतिशय बारीक कड वळून आल्याचे बोटाला जाणवेपर्यंत पुढच्या नंबरच्या कागदाकडे जाऊ नये. शेवटी ती कड मागच्या बाजूने आणि चामड्याच्या पट्ट्यावर घासून काढून टाकावी. धारेची परीक्षा अंगठ्यावर करू नका. पाइनसारख्या मऊ लाकडाच्या टोकाला, जेथे तंतूंची तोंडे दिसतात, तेथे पटाशीने पातळ काप काढावा. काप सलग निघाला आणि मागची जागा चकचकीत राहिली तर धार लागली. तंतू चुरगळून फाटले तर अजून लागलेली नाही.

बाकाविषयी सांगायचे, तर आपले जुने सुतार जमिनीवर बसून आणि लाकूड पायांनी धरून काम करत आले आहेत. त्या पद्धतीने उत्तम काम होते, परंतु त्यासाठी लहानपणापासूनची सवय लागते. नवशिक्याने पायाने धरलेल्या लाकडावर पटाशी मुळीच चालवू नये. अडीच-तीन इंच जाडीची, चारेक फूट लांबीची एक फळी घेऊन तिच्या पुढच्या टोकाला अडणी, म्हणजे लाकूड अडवणारी पट्टी, ठोकावी, ती क्लॅम्पने भक्कम टेबलावर आवळावी किंवा जमिनीवर ठेवून तिचे तेच अडणीचे टोक भिंतीला टेकवावे. रंधण्याचा जोर भिंतीवर जातो आणि फळी सरकत नाही. करवतीने कापण्यासाठी वरखाली दोन उलट्या पट्ट्या मारलेली लहान फळी टेबलाच्या कडेला अडकवली की शेगड्याशिवाय (व्हाइसशिवाय) भागते. मोगरीचा आवाज मात्र खालच्या मजल्यावर जातो, त्यामुळे खाचा खणण्याचे काम दिवसाच करावे.

प्रश्न : आमचे आजोबा गावात बलुतेदार सुतार होते. त्यांचा लाकडी रंधा, तीन पटाश्या आणि वाकस (लाकूड तासण्याचे हत्यार) माळ्यावर गंजून पडले आहेत. ते कामात आणता येतील का, की जपून ठेवण्यापुरतेच राहिले? (एक वाचक, सातारा जिल्हा)

उत्तर : ते अवश्य कामात आणावेत. गंज किती दिसतो यापेक्षा तो कोठे आहे याला महत्त्व आहे. धार म्हणजे पात्याची मागची सपाट बाजू आणि पुढचा उतार यांची भेटरेषा. त्यामुळे मागच्या बाजूला धारेजवळ गंजाचे खोल खड्डे असतील, तर उतार कितीही घासला तरी प्रत्येक खड्ड्यापाशी धार तुटते. खड्डे फक्त वरच्या भागात असतील तर ते तसेच राहू द्यावेत, कामात त्यांची अडचण होत नाही.

पाती पांढऱ्या व्हिनेगरमध्ये रात्रभर बुडवून सकाळी तारेच्या ब्रशने घासावीत. त्यानंतर खाण्याचा सोडा घातलेल्या पाण्याने धुऊन लगेच पूर्ण कोरडी करावीत आणि तेलाचा हात फिरवावा. धुणे किंवा वाळवणे राहिले तर काही तासांत नवा गंज चढतो. पात्याची तुटकी कड काढण्यासाठी विजेच्या सहाणेवर नेण्याचा मोह होईल, तो शक्यतो टाळा. जुन्या पोलादाचे पाते सहाणेवर निळे पडले, की त्या भागाचा कठीणपणा गेला असे समजावे, आणि तो भाग घासून टाकल्याखेरीज तेथे धार टिकत नाही. सहाण वापरावीच लागली तर पाते दर दोन-तीन सेकंदांनी पाण्यात बुडवावे. जुन्या पात्यांत पुष्कळदा मऊ लोखंडावर पोलादाचा पातळ थर जोडलेला आढळतो. उतार नीट घासला की दोन धातूंमधली फिकट रेषा डोळ्यांना दिसते. असे पाते मिळाले असेल तर ते सांभाळा. त्यावर धार लवकर लागते.

लाकडी रंध्याचा तळ वर्षानुवर्षांत वाकलेला किंवा झिजलेला असतो. तळ सपाट करताना पाचर नेहमीप्रमाणे घट्ट ठोकून, पण पाते तळाच्या आत ओढून घेऊन, सपाट काचेवर चिकटवलेल्या पॉलिश पेपरवर तो घासावा. पाचर ठोकल्याने अंगावर ताण येऊन तळाचा आकार किंचित बदलतो, म्हणून ती काढून केलेली सपाटी कामाच्या वेळी उरत नाही. वाकस मात्र एखाद्या जाणत्या सुताराच्या शेजारी बसूनच हाताळायला शिकावा. त्याचा घाव स्वतःच्या पायाच्या दिशेने येतो, आणि ते वाचून शिकण्याचे काम नव्हे. तुमच्या गावात बैलगाडीची चाके, देवळाचे रथ किंवा जुन्या चौकटी केलेले कोणी वयस्क कारागीर असतील, तर ही हत्यारे घेऊन त्यांना भेटा. आजोबा ती कशी धरत असत हे त्यांच्याइतके नेमके दुसरे कोणी सांगू शकणार नाही. पद्धतशीर शिक्षण हवे असल्यास औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत सुतारकामाचा एक वर्षाचा अभ्यासक्रम असतो.

प्रश्न : एप्रिलमध्ये देशावरून सागाच्या फळ्या आणून मी दोन फूट रुंदीचे टेबल केले. फळ्या फेविकॉलने जोडून वरचा भाग खालच्या चौकटीला चारही बाजूंनी स्क्रूने पक्का आवळला. ऑगस्टमध्ये वरचा भाग मधोमध फुगला आणि एक पाय सांध्यातून निघाला. लाकूड कच्चे होते का? (एक वाचक, रत्नागिरी)

उत्तर : लाकूड बहुधा चांगलेच होते, ते चारही बाजूंनी बांधले गेले, ही अडचण झाली. वाळलेले लाकूडसुद्धा हवेतला ओलावा घेते आणि सोडते. ओलाव्याने ते लांबीत जवळजवळ बदलत नाही, पण रुंदीत बदलते. त्यातही फळी खोडातून कोणत्या दिशेने कापली आहे याला फार महत्त्व आहे. ओला साग पूर्ण वाळेपर्यंत वार्षिक वलयांच्या दिशेने सुमारे ५.८ टक्के आकसतो, तर खोडाच्या गाभ्यापासून सालीकडच्या दिशेने सुमारे २.५ टक्केच. म्हणजे ज्या फळीच्या टोकाशी वलये उभी दिसतात ती, वलये आडवी दिसणाऱ्या फळीच्या निम्म्याहूनही कमी हलते.

हे तुमच्या टेबलाला लावून पाहू. देशावरच्या उन्हाळ्यात वाळलेल्या फळ्यांतला ओलावा कोकणच्या पावसाळ्यात सात टक्क्यांनी वाढला असे धरले, आणि फळ्यांची वलये आडवी असली, तर २४ इंच रुंदी जवळपास आठ मिलिमीटरने, म्हणजे अडीच सुतांनी वाढते. या वाढीला वाट मिळाली नाही की ती स्वतःची वाट काढते. टेबल फुगते किंवा सांधा निखळतो. तेच टेबल पावसाळ्यात करून उन्हाळ्यात नागपूरला नेले असते, तर ते आकसून फाटले असते. साग हा कमी हलणाऱ्या लाकडांपैकी आहे; आंब्याच्या किंवा बाभळीच्या बाबतीत अशी चूक केली तर लाकूड इतकीही क्षमा करणार नाही.

जुन्या घरांची दिलह्याची दारे नीट पाहा. मधली रुंद फळी चौकटीच्या खोबणीत सैल बसवलेली असते, तिला खिळाही नसतो आणि सरसही नसतो. ती आतल्या आत फुगते आणि आकसते, चौकट जागची हलत नाही. टेबलालाही हेच तत्त्व लावायचे आहे. सर्व स्क्रू काढा, निघालेला पाय पुन्हा बसवा, आणि वरच्या भागाला मधोमध तेवढे पक्के धरून दोन्ही कडांकडच्या पट्ट्यांतली स्क्रूची भोके रुंदीच्या दिशेने लांबट करा, म्हणजे स्क्रू त्यांत सरकू शकतील. त्याऐवजी चौकटीच्या आतल्या बाजूला खोबण करून त्यात अडकणाऱ्या लहान लाकडी गुट्ट्या वरच्या भागाला खालून स्क्रूने बसवता येतात. हा उपाय आम्हाला अधिक पसंत आहे, कारण पुढे टेबल सुटे करायचे झाले तर सोपे जाते. पॉलिश फक्त वरून केले असेल तर तेवढेच खालूनही करा. पॉलिशने ओलावा थांबत नाही, त्याचा वेग कमी होतो, आणि दोन बाजूंचा वेग वेगळा असला की फळी वाकते. पुढच्या वेळी लाकूड आणल्यावर त्याला एक-दोन महिने त्याच खोलीत, फळ्यांमध्ये पातळ पट्ट्या घालून, हवा खेळेल असे रचून ठेवा आणि मगच कापायला घ्या. पाटाखालच्या आडव्या पट्ट्यांनाही स्क्रूच्या लांबट भोकांचा हा नियम लागू आहे, हे पुण्याच्या वाचकांनीही लक्षात घ्यावे.

प्रश्न : आमच्या ठाण्याच्या कारखान्याबाहेर परदेशी मालाची लाकडी पॅलेट फुकट मिळतात. सरावासाठी ती वापरली तर चालतील का? (एक वाचक)

उत्तर : सरावाला चालतील; त्यांतले पाइन मऊ आणि सरळ तंतूंचे असते, त्यामुळे रंधण्याचा हात त्यावर चांगला बसतो. मात्र प्रत्येक पॅलेटवरचा आंतरराष्ट्रीय शिक्का पाहून घ्या. 'एचटी' ही अक्षरे असतील तर लाकूड केवळ उष्णतेने निर्जंतुक केलेले असते. 'एमबी' म्हणजे त्यावर मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची प्रक्रिया झाली आहे; ते घरात आणू नये, रंधू नये आणि जाळूही नये. शिक्का नसलेले, तेलाचे वा रसायनांचे डाग असलेले किंवा वास येणारे लाकूडही सोडून द्यावे. रंधा चालवण्याआधी प्रत्येक फळीवरून लोहचुंबक फिरवा, कारण आत तुटून राहिलेला एक खिळा पात्याची धार एका फटक्यात काढून टाकतो आणि ते पाते पुन्हा घासण्यात संपूर्ण संध्याकाळ जाते.